वर्गसमीकरणं शिकवताना: पाठाचं नियोजन, उदाहरणांचा क्रम आणि नेहमी फसणाऱ्या जागा

दहावीच्या गणित भाग १ मधलं दुसरं प्रकरण, वर्गसमीकरणे, अनेक वर्गांत पहिल्या सत्रात शिकवून होतं आणि फेब्रुवारीत पुन्हा शिकवावं लागतं. शिकवणाऱ्याला गणित येत नसतं असं नाही. पाठ टाचणात, म्हणजे तासिकेच्या लेखी आराखड्यात, ‘शिक्षक काय करतील’ हे भरलेलं असतं, पण कोणतं उदाहरण कशानंतर घ्यायचं आणि मूल कुठे घसरणार याबद्दल त्यात एक ओळ नसते. उदाहरणं पुस्तकाच्या क्रमाने येतात, चुका मुलांच्या क्रमाने येतात, आणि दोघांची गाठ थेट उत्तरपत्रिकेत पडते.

इथे हे एकच प्रकरण धरून नियोजनाचा क्रम मांडला आहे. पुस्तकातल्या चलासाठी ‘क्ष’ आणि सहगुणकांसाठी ‘अ, ब, क’ लिहिलं आहे, म्हणजे वर्गसमीकरणाचं सामान्य रूप अक्ष² + बक्ष + क = ०. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची आणि वर्ग पन्नास-साठ मुलांचा धरला आहे.

१. टाचणाआधी शेवटचा प्रश्न ठरवा

‘विद्यार्थ्यांना वर्गसमीकरणाची संकल्पना समजते’ हे उद्दिष्ट टाचणाच्या रकान्यात शोभतं, पण ते साधलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी तासिकेच्या शेवटी प्रत्येक मुलाने कुणाच्याही मदतीशिवाय सोडवायचा एक प्रश्न लिहा. अवयव पद्धतीच्या पहिल्या तासिकेसाठी तो असा: क्ष² − क्ष − २० = ० सोडवा आणि दोन्ही मुळं समीकरणात घालून ताळा करा.

मग त्या दिवशीचं प्रत्येक उदाहरण या प्रश्नाकडे नेतंय का, एवढंच पाहायचं. नेत नसेल तर ते चांगलं असलं तरी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

तपासा: शेवटच्या प्रश्नात दोन नव्या गोष्टी एकदम विचारल्या जात असतील (उदाहरणार्थ, शाब्दिक मांडणीही नवी आणि अवयवही नवे) तर तो एका तासिकेचा पाठ नाही.

२. सरावसंच स्वतः सोडवा, पण चुकीच्या रीतीनेही

प्रकरणातले सगळे सरावसंच आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह आधी वहीत सोडवा. उत्तरं तुम्हाला येतातच. पण सोडवताना प्रत्येक उदाहरणाच्या शेजारी दोन गोष्टी टिपा: यात नवं काय आहे, आणि मूल इथे काय चूक करेल. या प्रकरणात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या चुका या:

- क्ष² = २५ वरून फक्त क्ष = ५ लिहिणं.
- क्ष² = ७क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ७ लिहिणं. ० हे मूळ तिथेच हरवतं.
- (क्ष − २)(क्ष − ३) = ६ वरून क्ष − २ = ६ किंवा क्ष − ३ = ६ लिहिणं.
- अवयव (क्ष + ३)(क्ष + ४) असले की मुळं ३ आणि ४ लिहिणं.
- सूत्रात, म्हणजे क्ष = (−ब ± √(ब² − ४अक))/२अ मध्ये, ब ऋण असताना −ब सुद्धा ऋणच ठेवणं, आणि ब² ऋण काढणं.
- सूत्रातला छेद २अ फक्त वर्गमुळाखाली लिहिणं.

ही यादी टाचणाला जोडा. माझ्या मते टाचणात हेच एक पान खरोखर कामाचं असतं. बाकीचं तपासणीला येणाऱ्यांसाठी.

आता चुकीच्या रीतीनेही सोडवून पाहा. समजा, तिसरी चूक पकडण्यासाठी तुम्ही (क्ष − १)(क्ष − २) = २ हे उदाहरण निवडलं. मूल क्ष − १ = २ लिहितं आणि क्ष = ३ म्हणतं. ताळा केला तर २ × १ = २, बरोबर! मुळं ० आणि ३ आहेत, म्हणजे चुकीच्या रीतीने एक मूळ बरोबर आलं. चूक सुधारायला आणलेल्या उदाहरणाने चूक पक्की केली. त्याऐवजी (क्ष − २)(क्ष − ३) = ६ घ्या: चुकीच्या रीतीने ८ आणि ९ येतात, खरी मुळं ० आणि ५ आहेत. एकही जुळत नाही.

सावधान: अ = १ असलेल्या उदाहरणांत छेदाचा गोंधळ अर्धा झाकला जातो. २ आणि ४ या संख्यांपासूनही जपा; २ × २ आणि २ + २ सारखेच असल्यामुळे मुलाने गुणाकार केला की बेरीज, ते कळत नाही.

३. पूर्वज्ञानाची चाचणी आदल्या दिवशी घ्या

पूर्वज्ञान म्हणून ‘आपण आठवीत अवयव शिकलो, आठवतं ना?’ असं विचारलं की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. या ‘हो’वर पाठ उभा करू नका. आदल्या तासिकेची शेवटची सात-आठ मिनिटं घेऊन अर्ध्या कागदावर हे पाच प्रश्न द्या:

१) गुणाकार १२ आणि बेरीज ७ असणाऱ्या दोन संख्या कोणत्या?
२) गुणाकार −१२ आणि बेरीज १ असणाऱ्या दोन संख्या कोणत्या?
३) (−५)² किती? −५² किती?
४) √१२ सोप्या रूपात लिहा.
५) −क्ष + २ मधून −१ सामाईक काढा.

गुण देऊ नका. प्रश्नवार किती जणांचं चुकलं तेवढं मोजा. दुसरा प्रश्न निम्म्या वर्गाला जमला नसेल तर उद्या वर्गसमीकरण सुरू करू नका. एक तासिका ऋण संख्यांच्या जोड्यांवर घाला. ती वाया गेली असं वाटेल, पण पुढच्या दोन वाचतील. पाचवा प्रश्न किरकोळ दिसतो. मध्यपद फोडल्यावर मुलं अडकतात ती नेमकी तिथे: −क्ष + २ = −१(क्ष + २) असं लिहितात, मग दोन्ही कंस जुळत नाहीत आणि ‘अवयवच पडत नाहीत’ म्हणून सोडून देतात.

४. तासिका वाटून घ्या, शेवटापासून

बारा तासिका मिळतात असं धरू. वाटणी शेवटून करा, कारण नेहमी कमी पडतात त्या शेवटच्या. शाब्दिक उदाहरणांना तीन आणि मिश्र सरावाला एक आधी बाजूला काढा. उरलेल्या आठांपैकी एक ओळख आणि सामान्य रूपाला, दोन अवयव पद्धतीला, एक पूर्ण वर्ग पद्धतीला, दोन सूत्राला, एक विवेचक (ब² − ४अक) आणि मुळांच्या स्वरूपाला, एक मुळांची बेरीज, गुणाकार आणि मुळांवरून समीकरण तयार करण्याला.

सामान्य रूपावर दोन-तीन तासिका घालवण्याची गरज नाही. ‘हे वर्गसमीकरण आहे का’ हा प्रश्न एका गुणाचा. तो नीट करून घ्या आणि पुढे चला.

५. उदाहरणांची उतरंड लावा

नियोजनाचं खरं काम हे. एका उदाहरणातून पुढच्यात जाताना एकच गोष्ट बदलायला हवी. अवयव पद्धतीच्या पहिल्या तासिकेसाठी हा क्रम घ्या:

(क) (क्ष − ४)(क्ष + ३) = ०
(ख) क्ष(क्ष − ७) = ०
(ग) क्ष² − ७क्ष = ०
(घ) क्ष² + ७क्ष + १२ = ०
(च) क्ष² − ७क्ष + १२ = ०
(छ) क्ष² + क्ष − १२ = ०
(ज) क्ष² − क्ष − १२ = ०

पहिल्या दोनांत अवयव आयते दिले आहेत. मुलाने फक्त ‘गुणाकार शून्य, म्हणून निदान एक अवयव शून्य’ एवढंच वापरायचं आहे. (ग) मध्ये ते सामाईक काढायला लागतं, आणि भागाकाराची चूकही इथेच बाहेर येते. (घ) पासून (ज) पर्यंत अंक जवळपास तेच, चिन्हं तेवढी बदलतात. मुळं अनुक्रमे −३, −४, ३, ४, ३, −४, ४, −३. चारही एकाखाली एक फळ्यावर राहिली की चिन्हांचा खेळ मुलांना स्वतःहून दिसतो. प्रत्येक वेळी वेगळे आकडे घेतले तर मूल आकड्यांतच गुंतून पडतं.

२क्ष² − ५क्ष + २ = ० सारखी उदाहरणं दुसऱ्या तासिकेला. तिथे ‘अ × क’ चा गुणाकार ४, बेरीज −५, म्हणून −४ आणि −१; पुढे (क्ष − २)(२क्ष − १) = ०, मुळं २ आणि १/२. अपूर्णांकातलं मूळ पहिल्यांदा दिसलं की मुलांना उत्तर चुकल्यासारखं वाटतं. ताळा इथे सक्तीचा करा.

तपासा: प्रत्येक उदाहरणापुढे ‘यात नवं काय’ हे तीन-चार शब्दांत लिहिता येतं का? येत नसेल तर ते उदाहरण गृहपाठात टाका.

६. फळ्याचं नियोजन कागदावर करा

फळ्याचे तीन भाग करा. डावीकडे एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण, सगळ्या पायऱ्यांसह. ते घंटा होईपर्यंत पुसायचं नाही. मध्ये चालू काम. उजवीकडे कच्चं काम आणि मुलांची उत्तरं, बरोबर-चूक दोन्ही.

डावीकडच्या उदाहरणात बरोबरची (=) चिन्हं एकाखाली एक आणा आणि प्रत्येक पायरीशेजारी कारण लिहा. मुलं हेच वहीत उतरवतात आणि परीक्षेतही असंच लिहितात. तुम्ही तोंडी पायरी गाळली की तेही गाळणार, आणि तिचे गुण जाणार. ‘म्हणून क्ष − ४ = ० किंवा क्ष + ३ = ०’ ही ओळ तर कधीच वगळू नका; ‘किंवा’ हा शब्द लिहिलाच पाहिजे.

७. प्रत्यक्ष तासिका

पहिली पाच मिनिटं समीकरण लिहूच नका. विचारा: ‘मी मनात दोन संख्या धरल्या आहेत, त्यांचा गुणाकार शून्य आहे. काय सांगता येईल?’ मग: ‘आता गुणाकार सहा आहे. काय सांगता येईल?’ दुसऱ्या प्रश्नाला एक आणि सहा, दोन आणि तीन, उणे दोन आणि उणे तीन, अर्धा आणि बारा अशी उत्तरांची रांग लागते. शून्याबद्दल ठाम बोलता येतं, सहाबद्दल येत नाही. हा फरक वर्गाने स्वतः बोलून दाखवला की मग (क) कडे वळा.

(क) ते (ग) वीस मिनिटांत होतात, जर प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी उत्तर दिलं तर. ‘कोण सांगेल?’ विचारल्यावर तीच चार बोटं वर येतात. त्याऐवजी उत्तर वहीच्या मागच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून वर धरायला सांगा. पाट्या असतील तर उत्तमच. प्रश्न विचारल्यावर थांबा, मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. ती शांतता आपल्यालाच जड जाते, मुलांना नाही.

(घ) ते (ज) मुलांनी जोडीने सोडवायची. तुम्ही फिरायचं, पण सांगायचं नाही. फक्त कोणाच्या वहीत काय आहे ते हेरून ठेवायचं. नंतर फळ्यावर बोलवायचं ते हुशार मुलालाच असं नको. उपयोगाची चूक ज्याच्या वहीत आहे त्याला विचारा, ‘तुझी रीत लिहू का फळ्यावर?’ नाव न घेता तुम्हीच लिहा. चूक फळ्यावर यावी, मूल नाही.

दुसऱ्या तासिकेत (क्ष − २)(क्ष − ३) = ६ आलं की बोलणं साधारण असं जातं:

‘बाई, आठ आणि नऊ.’
‘आठ घालून बघ बरं.’
‘आठातून दोन गेले सहा, आठातून तीन गेले पाच. साही पाचे तीस.’
‘उजवीकडे किती आहेत?’
‘सहा.’
‘मग काल शून्याला चाललं ते आज सहाला का चालत नाही?’
थोडा वेळ जातो. मग मागच्या बाकावरून: ‘सहा कशानेपण होतात ना, बाई. दोन त्रिक पण सहाच.’

हे वाक्य मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं. त्यानंतर ‘आधी विस्तार करा, सगळं डावीकडे आणा, उजवीकडे शून्य ठेवा’ ही कृती सांगितली तर ती टिकते. आधी सांगितली तर ती आणखी एक नियम होऊन बसते.

सावधान: ‘समजलं का?’ हा प्रश्न दिवसभरासाठी बंद करा. त्याऐवजी ‘दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत काय केलं?’ असं विचारा.

८. शेवटची पाच मिनिटं: चिठ्ठी

घंटेच्या पाच मिनिटं आधी सगळं थांबवा, उदाहरण अर्धवट असलं तरी. अर्ध्या कागदावर ठरवलेला शेवटचा प्रश्न आणि सोबत एक सापळा (क्ष² = ९क्ष) द्या. चिठ्ठ्या गोळा करा. साठ चिठ्ठ्या दहा मिनिटांत तीन ढिगांत लावता येतात: जमलं, रीत बरोबर पण हिशेब चुकला, रीतच कळली नाही. दुसऱ्या ढिगासाठी पाठ पुन्हा घेऊ नका. त्यांना सराव हवा. तिसरा ढीग वर्गाच्या पावपटीहून मोठा असेल तर उद्याची सुरुवात त्याच चुकीने करा.

ही पाच मिनिटं ‘भाग पूर्ण करायचाय’ म्हणून सर्वात आधी कापली जातात. कापायचंच तर एक उदाहरण कापा.

९. पूर्ण वर्ग आधी, सूत्र मग

सूत्र थेट देऊन वेळ वाचवायचा मोह होतो. पण सूत्र कुठून आलं हे न पाहिलेलं मूल ± विसरतं, छेद विसरतं आणि विसरलं हे त्याला कळतही नाही.

क्ष² + ६क्ष = ७ घ्या. फळ्यावर क्ष बाजूचा चौरस काढा. ६क्ष चा आयत मधोमध चिरून ३क्ष, ३क्ष असे दोन तुकडे चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना लावा. कोपऱ्यात ३ × ३ ची जागा रिकामी दिसते. तिथे ९ भरले की मोठा चौरस पूर्ण होतो, म्हणून दोन्हीकडे ९: (क्ष + ३)² = १६, मुळं १ आणि −७. ‘मधल्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग’ हे आता पाठ करावं लागत नाही. −७ मात्र चित्रातून मिळत नाही, कारण बाजूची लांबी ऋण नसते. ते वर्गमुळाच्या ± मधून येतं, हे तिथेच सांगा. लगेच क्ष² + ६क्ष + ४ = ० द्या; मुळं −३ ± √५ येतात आणि अवयव का पडत नव्हते तेही कळतं.

सूत्राचं पहिलं उदाहरण म्हणून २क्ष² − ६क्ष + ३ = ० घ्या. अ एक नाही, ब ऋण आहे, वर्गमुळ पूर्ण निघत नाही: तिन्ही चुका एका ठिकाणी. मुलांकडून आधी अ = २, ब = −६, क = ३ ही ओळ लिहून घ्या, मग ब² − ४अक = ३६ − २४ = १२ ही वेगळी ओळ, आणि शेवटी सूत्रात किंमती. उत्तर (३ ± √३)/२. (६ ± २√३)/४ वरून पुढे जाताना काहीजण ६ आणि ४ मध्येच छेद देतात. २√३ तसंच राहतं. अंशातून २ आधी सामाईक काढून घेण्याची सवय लावा.

विवेचकावरून मुळांचं स्वरूप ओळखणं आणि मुळांची बेरीज-गुणाकार हा भाग मुलांना सोपा जातो. एकेका तासिकेत आटपा.

१०. शाब्दिक उदाहरणं: पहिल्या दिवशी सोडवायची नाहीत

पहिल्या तासिकेत फक्त समीकरण मांडायचं. चार-पाच उदाहरणं, एकही सोडवायचं नाही. पहिली ओळ ‘समजा, … = क्ष’ अशी, एककासह. क्ष म्हणजे काय हे न लिहिता सुरू झालेलं उत्तर शेवटी भलत्याच प्रश्नाचं निघतं: रुंदी काढून मूल लांबी विचारलेली विसरतं.

दुसऱ्या तासिकेत ही दोन शेजारी शेजारी घ्या:

आयताकृती भूखंडाची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. क्ष² + १०क्ष − ६०० = ०, मुळं २० आणि −३०. रुंदी ऋण नसते, म्हणून −३० वगळलं. लांबी ३०, रुंदी २० मीटर.

दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार ५६ आहे. क्ष² + क्ष − ५६ = ०, मुळं ७ आणि −८. इथे दोन्ही चालतात: ७, ८ आणि −८, −७.

पहिल्यानंतर लगेच दुसरं दिलं की निम्मा वर्ग −८ खोडतो. ‘का खोडलं?’ विचारा. ‘ऋण आहे म्हणून’ हे कारण नाही हे तिथेच स्पष्ट होतं; वगळायचं कारण प्रश्नातून यायला हवं आणि ते उत्तरात एका वाक्यात लिहायला हवं.

११. गृहपाठ, वह्या आणि परत फिरणं

अख्खा सरावसंच गृहपाठाला दिला की वर्गातल्या दोन वह्या घरोघर फिरतात. पाच उदाहरणं द्या: तीन आजची, एक मागच्या आठवड्यातलं, आणि एक चुकीचं सोडवलेलं, ज्यात चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधायचं. सगळ्या वह्यांतलं सगळं तपासू नका. प्रत्येक वहीतलं एकच उदाहरण, पण ओळ न ओळ वाचून तपासा, आणि पहिल्या चुकीच्या ओळीखाली रेघ ओढा. दुरुस्ती मुलाने करायची.

मिश्र सरावाच्या तासिकेत पद्धत सांगू नका. दहा समीकरणं द्या आणि न सोडवता फक्त ‘कोणत्या पद्धतीने सोडवाल आणि का’ एवढंच विचारा. परीक्षेत पद्धत बहुतेकदा मुलालाच निवडावी लागते, आणि हा सराव सरावसंचांतून फारसा होत नाही, कारण तिथे पद्धत शीर्षकातच छापलेली असते. ‘कृती पूर्ण करा’ प्रकारचे प्रश्नही याच तासिकेत घ्या. त्यात दुसऱ्याची मांडणी वाचायची असते, आणि स्वतःच्या रीतीने भराभर सोडवणारी मुलंच तिथे चौकटी चुकवतात.

पुढचं प्रकरण अंकगणित श्रेढीचं आहे. ते शिकवताना आठवड्यातून दोनदा सुरुवातीची पाच मिनिटं एक वर्गसमीकरण ठेवा. श्रेढीतच त्याची गरज पडेल: १ + २ + ३ + … ची बेरीज ५५ होण्यासाठी किती पदं घ्यावी लागतील? पदांची संख्या क्ष धरली तर क्ष² + क्ष − ११० = ०, मुळं १० आणि −११. इथे −११ का चालत नाही ते मुलांना लिहायला सांगा, आणि ‘ऋण आहे म्हणून’ एवढंच लिहिलेल्या वह्या परत करा.